सामाईक बेगमी : नियोजित धान्यभांडाराच्या निमित्ताने थोडा इतिहास

आपल्या मंडळाने सभासद भगिनींसाठी धान्यभांडार काढण्याचा विचार चालविला आहे, हे बहुतेकींना ठाऊक आहेच. गेल्या दोन सभांतून या विषयावर भरपूर चर्चा झाली. गहू-तांदूळ कोठून आणावयाचे, पोती ठेवावयाची कोठे, तोलावयास कोणी बसावयाचे, असे अनेक प्रश्न निघाले. परंतु खरा वाद झाला तो दोन गोष्टींवर. माल बाजारभावाने विकावा की खरेदीच्याच भावाने, ही एक; आणि उधारी द्यावी की देऊ नये, ही दुसरी. चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा मला वाटले की, या दोन प्रश्नांचा इतिहासच भगिनींपुढे ठेवावा. कारण हे प्रश्न काही आपल्यालाच प्रथम पडलेले नाहीत. पावणेदोनशे वर्षांपूर्वी ते इंग्लंडातल्या विणकरांना पडले, नंतर मद्रासच्या कारकुनांना आणि मुंबईच्या गिरणी कामगारांना पडले. त्यांची उत्तरे त्या लोकांनी पदरचे पैसे घालवून मिळविली. ती आपल्याला फुकट मिळत असताना न घेण्यात शहाणपण नाही.

एकदम पुष्कळ धान्य घेणे ही गोष्ट आपल्या घरांना नवी नाही. चैत्र-वैशाखात नवे गहू, तांदूळ, तूर बाजारात आली की वर्षाची बेगमी करावयाची, हा आपल्याकडचा जुना रिवाज. धान्य निवडून, उन्हे देऊन, कडुनिंबाचा पाला घालून कणगीत भरीत. डाळीला एरंडेलाचा हात लावीत. भाव उतरलेला असताना घ्यावयाचे आणि पावसाळ्यात बाजाराच्या तोंडाकडे पाहावयाचे नाही, हे त्यातले अर्थशास्त्र. ते आपल्या आज्या कोणत्याही पुस्तकावाचून जाणत होत्या. पण या बेगमीला दोन गोष्टी लागत. एक, कणगी ठेवण्यापुरती जागा. आणि दुसरी, एका वेळी मोजता येतील इतके पैसे. शहरात दोन खोल्यांचा संसार आला, महिन्याचा पगार आला, आणि या दोन्ही गोष्टी गेल्या. मग महिन्याचे वाणसामान सुरू झाले. ज्यांना महिन्याचेही जमत नाही त्या भगिनी रोज पाव किलो तांदूळ आणि पुडीतले तेल घेतात, आणि किलोमागे सर्वांत जास्त दाम त्याच मोजतात. ज्याच्याजवळ पैसा कमी त्यालाच धान्य महाग, असा हा उलटा न्याय आहे. धान्यभांडार म्हणजे दुसरे काय? एका घराला जी बेगमी झेपत नाही ती पन्नास घरांनी मिळून करावयाची. मी तिला सामाईक बेगमी म्हणते.

अशा सामाईक दुकानाचा नीट नोंदलेला आणि पुढे जगभर गिरविला गेलेला कित्ता म्हणजे इंग्लंडातील रॉचडेल. त्या काळी लँकेशायर परगण्यात, मँचेस्टरजवळ, हे लोकरी कापडाच्या विणकामाचे गाव होते. 1840 नंतरचा काळ तेथे फार हलाखीचा होता. मजुरी उतरलेली, वेतनवाढीच्या मागण्या फसलेल्या, आणि दुकानदाराकडे नाव कायमचे उधारीच्या वहीत. उधारीचा गिऱ्हाईक तोंड उघडू शकत नाही. त्यामुळे पिठात भेसळ, चहात वाळलेला पाला आणि तोलात काटा हे सारे निमूट सोसावे लागे. अशा स्थितीत अठ्ठावीस जणांनी प्रत्येकी एक पौंड भाग जमविण्याचे ठरविले. एक पौंड एकदम कोणाजवळ नव्हता. म्हणून आठवड्याला दोन-दोन, पुढे तीन-तीन पेन्स वर्गणी गोळा केली. असे 28 पौंड भांडवल उभे राहिले.

21 डिसेंबर 1844 रोजी संध्याकाळी टोड लेन नावाच्या गल्लीत, एका जुन्या गुदामाच्या तळमजल्यावर त्यांचे दुकान उघडले. वर्षाचे भाडे दहा पौंड. भाडे आणि फळ्या-तागडी यांचा खर्च जाऊन मालासाठी सोळा-साडेसोळा पौंड उरले. त्यात आले 28 रत्तल लोणी, 56 रत्तल साखर, सुमारे 300 किलो भरेल इतके पीठ, ओटच्या भरडीचे एक पोते आणि काही मेणबत्त्या. आपल्या घरातल्या एखाद्या लग्नाला याहून अधिक शिधा लागतो. गल्लीतली पोरे हुर्यो करीत होती, इतर दुकानदार हसत होते. सुरुवातीला दुकान आठवड्यातून दोनच संध्याकाळी उघडत असे, कारण दुकान चालविणारे सगळे दिवसा आपापल्या कामावर असत. पहिले वर्ष संपले तेव्हा सभासद 74 झाले आणि विक्री 710 पौंडांवर गेली. 1850 मध्ये सभासद 600 होते. 1860 मध्ये ते तीन हजारांहून अधिक झाले.

आता हे सर्व ऐकून कोणी म्हणेल की, चांगली माणसे होती, एकी होती, म्हणून जमले. पण येथेच इतिहास जरा बारकाईने पाहिला पाहिजे. याच गावात, याच टोड लेनमध्ये, 1833 साली असेच एक सामाईक दुकान निघाले होते. त्यातली माणसेही चांगलीच होती. त्यांतील काही जण पुढे 1844 च्या दुकानातही होते. ते पहिले दुकान दोन वर्षांत बुडाले. कशाने बुडाले? उधारीने. शेजारी म्हणून दिले, अडचण म्हणून दिले, परत मागण्याचा संकोच वाटला, आणि घाऊक व्यापाऱ्याचे देणे देण्यास गल्ल्यात पैसा राहिला नाही. गाव तेच, गल्ली तीच, माणसेही थोडीबहुत तीच. दुसऱ्या वेळी फरक होता तो नियमांत.

ते नियम असे होते. माल रोखीनेच मिळेल, मग मागणारा अध्यक्ष का असेना. माल शुद्ध असेल आणि तोल पुरा असेल. विक्री बाजारभावाने होईल. स्वस्त विकावयाचे नाही. वर्षातून ठरावीक वेळा हिशेब करून, भांडवलावर माफक व्याज दिल्यावर जी शिल्लक राहील ती सभासदांना त्यांच्या खरेदीच्या प्रमाणात परत मिळेल. भाग कितीही असोत, मत एकच. आणि शिल्लकेचा काही अंश सभासदांच्या शिक्षणासाठी, वाचनालयासाठी राखून ठेवावयाचा.

यांतील बाजारभावाचा नियम प्रथमदर्शनी विचित्र वाटतो. आपल्या सभेतही एका भगिनीने विचारले, "स्वस्त मिळणार नसेल तर दुकान काढावयाचे कशाला?" प्रश्न रास्त आहे, म्हणून थोडा हिशेब मांडते. समजा एका घराची महिन्याची धान्यखरेदी 2000 रुपयांची आहे आणि घाऊक खरेदीमुळे सर्व खर्च वजा जाता शेकडा 8 रुपये वाचतात. म्हणजे महिन्याला 160 रुपये. हे 160 रुपये दर महिन्याला भावातच सोडले तर ते भाजीत, रिक्षात कधी गेले ते कळतही नाही. तेच साठवून वर्षाने दिवाळीपूर्वी परत दिले तर 1920 रुपये एकरकमी हाती येतात. रॉचडेलच्या बायकांची बचत अशीच झाली. खाता खाता झाली. याशिवाय दुसरेही एक कारण आहे. खरेदीच्या भावाने विकणाऱ्या दुकानाला चुकीला जागाच राहत नाही. भुसार बाजारातला क्विंटलचा भाव आणि कोपऱ्यावरच्या दुकानातला किलोचा भाव यांत जे अंतर असते तो सगळा वाण्याचा नफा नव्हे. त्यात हमाली असते, टेम्पोचे भाडे असते, चाळणीखाली जाणारा कचरा असतो, कीड असते, उंदीर असतात. साधी तोलाची गोष्ट घ्या. पन्नास किलोच्या पोत्याच्या किलो-किलोच्या पिशव्या करताना प्रत्येक पिशवीत दहा ग्रॅमच जास्त पडले, तरी पोत्यामागे अर्धा किलो जातो. हात सैल सोडणे याला आपण मोठेपणा समजतो, पण भांडारात तो सैल हात दुसऱ्या सभासदाच्या पैशाचा असतो. बाजारभाव ठेवला तर अशी तूट सोसूनही दुकान उभे राहते.

आता स्त्रियांचा भाग पाहू. रॉचडेलच्या पहिल्या अठ्ठावीस नावांच्या पाठीमागे जेवढ्या घरच्या स्त्रिया होत्या त्यांची नावे इतिहासात आली नाहीत, पण दुकान चालले ते त्यांच्या टोपल्यांवर. गिऱ्हाईक म्हणून येणारी स्त्रीच. जुन्या दुकानदाराकडे थकबाकी असल्यामुळे पुष्कळींना हे नवे दुकान धरता येईना. ती बाकी फेडून येणे हेच त्यांचे पहिले धैर्य. 1846 मध्ये एलायझा ब्रियर्ली ही बाई सभासद म्हणून नोंदली गेली. ज्या काळात इंग्लंडच्या कायद्याने विवाहित स्त्रीची मिळकत नवऱ्याची मानली जाई, आणि 1882 पर्यंत तो कायदा पुरता बदलला नाही, त्या काळात या दुकानात स्त्रीच्या नावावर भाग असे आणि परतावा तिच्याच हाती पडे. ही लहान गोष्ट नव्हे.

तरीही कारभार पुरुषांकडेच राहिला. 1883 मध्ये ॲलिस ॲक्लंड या बाईंनी सहकारी चळवळीच्या वृत्तपत्रात स्त्रियांसाठी एक सदर चालविले. त्यात त्यांनी एक मार्मिक सवाल केला. पुरुषांना सांगतात, सभेला या, मदत करा, मत द्या, टीका करा. आणि स्त्रियांना काय सांगतात, तर फक्त या आणि विकत घ्या. या सवालातून त्याच वर्षी स्त्रियांचा सहकारी संघ निघाला. 1889 पासून 1921 पर्यंत मार्गारेट ल्युएलिन डेव्हिस या त्याच्या चिटणीस होत्या. साध्या कामकरी घरांतल्या बायका या संघात सभा चालविण्यास, इतिवृत्त लिहिण्यास आणि ताळेबंद वाचण्यास शिकल्या.

याच संघाने केलेला एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्या उधारीच्या वादाशी थेट लागतो. रोखीचा नियम दुकान वाचवितो हे खरे; पण त्या नियमामुळे सर्वांत गरीब माणूस दाराबाहेर राहतो हेही खरेच. ज्याला शनिवारी मजुरी मिळते आणि बुधवारी ती संपते, त्याने गुरुवारी काय खावे? त्याला उधारी देणारा महागडा दुकानदारच जवळचा वाटतो. डेव्हिसबाईंना हे खुपत होते. म्हणून 1902 मध्ये संडरलंड या बंदराच्या गावी, अगदी गरीब वस्तीत, कोरोनेशन स्ट्रीटवर तेथल्या सहकारी संस्थेने एक वेगळे दुकान काढले. तेथे माल अगदी थोड्या-थोड्या प्रमाणात मिळे, शिजवलेले गरम अन्न मिळे आणि एकेक पेनी साठविण्याची पेढी होती. संघाच्या कार्यकर्त्या वस्तीत राहून काम करीत; डेव्हिसबाई स्वतः तेथे काही काळ राहिल्या. गरिबाला उधारी देण्याऐवजी त्याला रोखीने घेता यावे अशी सोय करावयाची, हे त्याचे तत्त्व. सुमारे दोन वर्षांनी, 1904 मध्ये, संस्थेच्या संचालकांनी वस्तीतले ते काम पुढे चालविले नाही. प्रयोग थांबला, पण तो फोल होता असे मी म्हणणार नाही. त्याने विचारलेला प्रश्न आजही आपल्या दाराशी उभा आहे.

आपल्या देशात सहकाराची सुरुवात कर्जापासून झाली. बडोद्यात 1889 साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी अन्योन्य सहकारी मंडळी काढली, ती परस्परांना कर्ज देण्यासाठी. 1904 चा सरकारी कायदाही पतपेढ्यांपुरताच होता. त्याच वर्षी मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागात रॉचडेलचा कित्ता पुढे ठेवून ग्राहकांची सहकारी संस्था निघाली. भारतातील ग्राहक भांडारांत ती आद्य मानली जाते. 1912 च्या कायद्याने पतपेढ्यांखेरीज इतर सहकारी संस्थांनाही वाट मोकळी झाली. पण भांडारे खरी वाढली ती दुसऱ्या महायुद्धात. 1943 मध्ये मुंबईत शिधावाटप आले. बाजारात माल नाही, काळा बाजार मातलेला, अशा वेळी गावोगाव भांडारे निघाली, कारण नियंत्रणाचा माल त्यांच्यामार्फत मिळे. पुढे नियंत्रण सैल झाले, परत आले, आणि 1954 मध्ये रफी अहमद किडवाई अन्नमंत्री असताना धान्यावरचे नियंत्रण उठले. त्याबरोबर यांतली पुष्कळ भांडारे बसली. शिधापत्रिकेमुळे आलेला सभासद शिधापत्रिका सैल होताच निघून गेला. सभासद गरजेने जमले होते, निष्ठेने नव्हे, असा याचा अर्थ.

जी टिकली त्यांतले एक ठळक उदाहरण मुंबईच्या नायगावचे. तेथील गिरणी कामगारांनी 1948 मध्ये एक लहानसे ग्राहक भांडार काढले. तेच पुढे 'अपना बाजार' या नावाने मुंबईकरांच्या ओळखीचे झाले. याउलट 1966 मध्ये दिल्लीत मोठ्या थाटाने उघडलेला 'सुपर बाजार' पाहा. रुपयाच्या अवमूल्यनानंतर महागाई आवरण्यासाठी सरकारने तो काढला. इमारत मोठी, भांडवल सरकारचे, गर्दी अलोट. पण काही दशकांनी तो तोट्यात जाऊन बंद पडला. मोठेपणाने दुकान टिकत नाही, हे दोन्ही उदाहरणांवरून दिसते.

1972 च्या दुष्काळात आणि त्यानंतरच्या महागाईत मुंबईच्या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्या पुढाकाराने निघालेले लाटणे मोर्चे आणि थाळीनाद आपल्यातील वडीलधाऱ्या भगिनींना आठवत असतील. मोर्चाने सरकारला जाब विचारला. पण रोजच्या चुलीसाठी काहीतरी कायमची व्यवस्था हवी, हा विचारही त्याच काळात बळावला. 1975 मध्ये बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. संगीतकार सुधीर फडके हेही या कार्याशी जोडलेले होते. या पंचायतीने जी पद्धत बसविली ती आपल्या नियोजित भांडाराच्या दृष्टीने फार मोलाची आहे. त्यांनी दुकानच काढले नाही. शेजारपाजारच्या कुटुंबांचा एक संघ करावयाचा. प्रत्येक घराने पुढील महिन्याची मागणी आधी लिहून द्यावयाची, पैसे आधी भरावयाचे. सर्व संघांची मागणी एकत्र करून माल घाऊक घ्यावयाचा, आणि तो संघात आला की सभासदांनीच मिळून वाटून घ्यावयाचा. गाळा नाही, भाडे नाही, पडून राहणारा माल नाही, आणि उधारी तर नाहीच. या कामाचा भार फार मोठ्या प्रमाणात स्त्रियांनी उचलला आहे.

गंमत अशी की, जपानातल्या स्त्रियांनीही जवळजवळ हीच वाट काढली. टोकियोच्या सेतागाया भागात 1965 मध्ये सुमारे दोनशे गृहिणींनी एकत्र येऊन दुधाच्या तीनशेच्या आसपास बाटल्या एकदम घेण्यास सुरुवात केली, एवढेच त्यांचे भांडवल. त्यातून 'सेइकात्सु क्लब' ही मोठी सहकारी संस्था उभी राहिली. तिचा पाया म्हणजे शेजारच्या काही घरांचा गट आणि आगाऊ मागणी. 1989 मध्ये या संस्थेला 'राइट लाइव्हलीहुड' हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ना त्यांना आपली माहिती, ना आपल्याला त्यांची. पण चुलीचा हिशेब जगात सगळीकडे सारखाच.

हा सगळा इतिहास सांगितल्यावर आपल्या भांडाराविषयी मला जे वाटते ते थोडक्यात मांडते. माझे म्हणणे सर्वांना पटावे असा आग्रह नाही. पण सर्वसाधारण सभेत मत देण्यापूर्वी त्याचा विचार व्हावा.

पहिली गोष्ट, लगेच गाळा घेऊ नये. निदान सहा महिने आगाऊ मागणीच्या पद्धतीने काम करावे. गहू, तांदूळ, तूरडाळ, साखर आणि शेंगदाणे एवढ्या पाचच जिनसा घ्याव्यात. या जिनसा सर्व घरांत लागतात. मसाले, सुका मेवा, साबण यांच्या मोहात प्रारंभी पडू नये. महिन्यातून ठरलेल्या एका रविवारी मंडळाच्या खोलीत वाटप व्हावे. रॉचडेलचे दुकानही आठवड्यातून दोनच संध्याकाळी उघडत होते, हे विसरू नये.

दुसरी गोष्ट, भाव बाजाराइतकाच ठेवावा आणि शिल्लक वर्षाअखेर खरेदीच्या प्रमाणात परत द्यावी. प्रत्येक सभासदाचे खरेदीपुस्तक असावे. हिशेब दर महिन्याला फलकावर लागावा, तोही सर्वांना वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत. आपल्या मंडळात हिशेब विचारणे म्हणजे अविश्वास दाखविणे असे काहींना वाटते. मला उलट वाटते. जेथे हिशेब न विचारता दिसतो तेथेच मैत्री टिकते.

तिसरी गोष्ट उधारीची. उधारी देऊ नये, अध्यक्षबाईंना नाही आणि मलाही नाही. पण एवढ्यावर थांबलो तर आपल्या मागच्या वस्तीतल्या भगिनी या भांडारात कधीच येणार नाहीत. त्यांतल्या कित्येकी आपल्याच घरी कामाला येतात आणि आपल्याच मंडळाच्या हळदीकुंकवाला येतात. मग आपले भांडार म्हणजे ज्यांना पाच किलो एकदम परवडते त्यांनाच आणखी स्वस्ताई, असे होईल. म्हणून संडरलंडचा धडा घ्यावा. भागाची रक्कम हप्त्याने भरता यावी. पाव किलो, अर्धा किलोच्या पिशव्याही कराव्यात आणि त्यांचा किलोमागचा भाव मोठ्या पिशवीइतकाच असावा. आगाऊ पैसे एकदम भरता येत नसतील त्यांच्यासाठी आठवड्याला जमेल तेवढे भरण्याची वही असावी. अडीअडचणीसाठी भांडाराच्या गल्ल्याला हात न लावता एक वेगळा साहाय्य निधी ठेवावा. त्यातून बिनव्याजी रक्कम द्यावी, आणि त्या भगिनीने भांडारातून रोखीने माल घ्यावा. कर्ज आणि दुकान यांच्या वह्या निराळ्या राहिल्या की दोन्ही तगतात. पिशव्या लहान करण्यात श्रम जास्त आहेत, हे मला मान्य आहे. ते श्रम हाच या कामातला आपला खरा भाग आहे.

चौथी गोष्ट कायद्याची. महाराष्ट्राच्या 1960 च्या सहकारी संस्था कायद्याप्रमाणे नोंदणीसाठी निरनिराळ्या कुटुंबांतील निदान दहा व्यक्ती लागतात. त्या आपल्याकडे सहज आहेत. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी आणि वैधमापन खात्याचा शिक्का असलेला काटा, या दोन्ही बाबी पहिल्या दिवसापासून चोख असाव्यात. शेर-पायलीच्या दिवसांत माप शिगोशीग भरले की सपाट, यावर भांडणे होत. आता काटा आहे, तर तो सर्वांसमोर आणि सर्वांना दिसेल असा ठेवावा.

शेवटी आपल्या कोपऱ्यावरच्या वाण्याविषयी दोन शब्द. काही भगिनी या भांडाराला त्याच्यावरची स्वारी समजतात. तसे समजू नये. 2020 च्या टाळेबंदीत त्याने घरोघर पिशव्या पोचविल्या, कित्येकांची नावे वहीत मांडली आणि पैशाचा तगादा केला नाही, हे आपण पाहिले आहे. त्याची वही भरली तशी ती पुष्कळांना जड झाली हेही खरे. आपला लढा माणसाशी नाही; उधारीच्या वहीतून येणाऱ्या मिंधेपणाशी आहे. पाच जिनसा आपण सामाईक घेतल्या तरी बाकीच्या पन्नास त्याच्याकडूनच घ्यावयाच्या आहेत, आणि त्या रोख पैसे देऊन ताठ मानेने घेता आल्या तर त्यालाही ते बरेच.

दुकाने भांडवलाने उघडतात, पण सभासदांच्या सवयीने चालतात. 1833 च्या आणि 1844 च्या दुकानांत जे अंतर होते ते या सवयीचे. बाजारात एखाद्या महिन्यात किलोमागे दोन रुपये कमी दिसले म्हणून आपले भांडार सोडून तिकडे जावयाचे नाही, एवढा संयम आपल्याकडून होईल काय, याचा विचार प्रत्येकीने घरी बसून करावा. होणार असेल तर सर्वसाधारण सभेत हात वर करावा आणि पहिल्या रविवारच्या तोलाईसाठी आपले नाव चिटणीसबाईंकडे द्यावे. पोती उतरवून घेणे, चाळणे, तोलणे, पिशव्या बांधणे आणि वही लिहिणे, एवढी कामे आहेत. माझे नाव मी वही लिहिण्यासाठी दिले आहे. चाळणीवर अजून चार जणी हव्या आहेत.